फाळका, बिल्टी आणि घाट

जुन्या मालट्रकांचा विषय निघाला की आधी हॉर्न निघतो, मग फाळक्यावरची (हौद्याच्या मागच्या दारावरची) शायरी, मग बंपरला लटकणारी काळी बाहुली. ते सगळं होतंच. पण ट्रान्सपोर्टच्या धंद्यात हात काळे केलेल्यांना गाडी वेगळी दिसते. नाक लांब का, हौदा लाकडाचा का, कडेला इतक्या कड्या का, कपाळावर ‘पब्लिक कॅरिअर’ का, या प्रत्येकामागे एखादा कायदा, एखादा घाट किंवा हमालाची पाठ असते. शोभेचा भाग फार थोडा. शायरीसुद्धा पेंटरच्या मजुरीत जवळपास फुकट यायची, म्हणून इतकी पसरली असं माझं मत आहे.

कपाळापासूनच सुरुवात करू. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात मालगाड्यांचे दोन वर्ग होते. स्वतःचा माल वाहणारी ती प्रायव्हेट कॅरिअर आणि भाड्यानं दुसऱ्याचा माल वाहणारी ती पब्लिक कॅरिअर. कपाळावरची पाटी ही त्या परवान्याची खूण. परमिट राज्यापुरतं असायचं, त्यामुळे बेळगाव किंवा वापीपर्यंत जायचं तरी वेगळी कागदपत्रं लागायची. 1975 मध्ये नॅशनल परमिटची योजना आली आणि प्रादेशिक ट्रान्सपोर्ट पेढ्यांपैकी ज्यांच्या हाती ते परमिट लागलं त्या एकदम मोठ्या झाल्या. नॅशनल परमिटच्या गाडीचा रंगही नियमानं ठरलेला: सुक्या पानाचा तपकिरी हौदा, त्याला 30 सेंमी रुंद पांढरी किनार, दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत ‘नॅशनल परमिट’. पुढे 1988 चा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि पब्लिक-प्रायव्हेट हा भेदच गेला. पाट्यांवर ‘गुड्स कॅरिअर’ आलं. याच सुमाराला एम अक्षरानं सुरू होणाऱ्या तीन अक्षरी नंबरांच्या जागी एमएच-09, एमएच-10, एमएच-12 असे जिल्हावार नंबर आले. म्हणजे नुसत्या जुन्या फोटोवरून, चालकाचा चेहरा दिसत नसला तरी, गाडी कोणत्या काळातली ते सांगता येतं.

आता गाडी. टेल्कोचा, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीचा, आणि जर्मनीच्या डाइम्लर-बेंझचा करार 1954 चा, पंधरा वर्षांचा. तेव्हाच्या जमशेदपूरच्या गाड्यांवर टाटा-मर्सिडीज-बेंझ असं नाव आणि तीन टोकांचा तारा असे. 1969 नंतर तारा गेला, टाटाचं ‘टी’ आलं, गाडी बहुतांशी तीच राहिली. लोक मात्र पुढे कितीतरी वर्षं तिला ‘मर्सिडीज’च म्हणत. त्या काळातल्या 312 मॉडेलच्या इंजिनात ज्वलनाआधीची वेगळी छोटी कोठी असायची, म्हणून थंडीच्या सकाळी आधी हीटर लावावा लागे. डॅशबोर्डवरची तार लाल झाली की मग सेल्फ मारायचा. हीटर प्लग एकापुढे एक जोडलेले, त्यामुळे एक जळला की सगळीच साखळी तुटे आणि क्लीनर पान्याच्या टोकानं एकेक प्लग तपासत बसे. नंतरच्या इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये जाऊ लागलं आणि हे काम संपलं.

नंतर आलेल्या गाड्यांचे आकडे वाचायची रीत सोपी आहे. 1210 म्हणजे एकूण वजन 12 टन आणि ताकद 100 अश्वशक्तीच्या आसपास. 1612 म्हणजे 16 टन, 120. 1613 म्हणजे 130. रस्त्यावर कुणी ‘एक हजार दोनशे दहा’ म्हणत नसे; ‘बारा-दस’, ‘सोला-बारा’ अशी हिंदी वळणाचीच नावं होती. इंजिनांचे आकडेही असेच बोलके. 692 मध्ये सिलिंडरचा व्यास 92 मिमी, 697 मध्ये 97 मिमी. 697 चा स्ट्रोक 128 मिमी, सहा सिलिंडर, म्हणून 5,675 सीसी. मेकॅनिकला लायनर-पिस्टनचा सेट मागवताना हा आकडा पुरे.

‘एसई’ लिहिलेली गाडी म्हणजे आखूड नाकाची, सेमी-फॉरवर्ड. इंजिन अर्धं केबिनच्या पुढे, अर्धं आत. तिचं नाक हे ड्रायव्हरचं सुख होतं: इंजिनाची धग थोडी लांब राही आणि बोनेट उघडून जमिनीवर उभं राहून काम करता येई. मालकाला मात्र तेच नाक सलायचं, कारण तेवढी फुटं हौद्यातून कमी होत. सपाट तोंडाच्या गाडीत हौदा लांब मिळाला, पण इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधल्या कुबडाखाली आलं. केबिन कलती करायची सोय जुन्या गाड्यांत नव्हती. त्यामुळे इंजिनाचं हेड उतरवायचं तर मेकॅनिक केबिनमध्ये वाकून, गुडघे कुठेतरी अडकवून काम करायचा. उन्हाळ्यात त्या कुबडावर गोधडीची घडी टाकलेली असे, ती ऊब मिळावी म्हणून नव्हे.

लेलँडचा गोत वेगळा. मद्रासच्या अशोक मोटर्सची 1955 मध्ये अशोक लेलँड झाली. कॉमेट ही त्यांची ओळखीची गाडी, त्याहून वजनदार कामाला बीव्हर. लेलँड चालवलेली माणसं तिच्या संथ ओढीबद्दल आजही हट्टानं बोलतात: इंजिन कमी फेऱ्यांवर ओढतं, घाटात गिअर लवकर सोडावा लागत नाही. टाटावाल्यांचं उत्तर एकच असायचं, ‘पार्ट कुठं मिळतो ते सांग.’ आणि ते उत्तर खोडता येत नसे. तालुक्याच्या गावातल्या दुकानात टाटाचा क्रॉस, फॅनबेल्ट, ऑइल सील मिळायचंच. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स डॉज आणि फार्गो बनवत असे, पर्किन्सच्या डिझेल इंजिनासह. उत्तरपाड्याहून हिंदुस्थान मोटर्सची बेडफर्ड येई. या गाड्या लांब पल्ल्यातून लवकर बाजूला झाल्या आणि पाण्याचे टँकर, विटा, रेती अशा जवळच्या कामांवर उरल्या.

कंपनी द्यायची ती फक्त चासी, म्हणजे चाकं-इंजिनासह नुसता सांगाडा. जमशेदपूरहून केबिनशिवायच्या उघड्या चासींचे ताफे निघत. खोक्यावर बसलेला, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला फडकं बांधलेला ड्रायव्हर ती महाराष्ट्रात आणून सोडे. इथं बॉडीवाला लाकूड आणि पत्रा चढवायचा. हौद्याचं लाकूड ही काटकसर नव्हती. लाकडाची फळी तुटली तर कुठल्याही गावातला सुतार ती बदलतो. लोखंडी पत्रा वाकला तर गॅसकटिंग लागतं. शिवाय लाकडी तळावर पोती घसरत नाहीत, पिंप ठेवलं तर पाचर ठोकता येते. तोटा म्हणजे पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, वजनकाट्यावर गाडी रिकामीच जड भरते आणि आडव्या तुळया चासीवर बसतात तिथं कुजतात. कुजलेली तुळई वरून दिसत नाही. हौदा चासीला आवळणारे यू-बोल्ट वारंवार ढिले व्हायला लागले की समजायचं.

पेढीचं ऑफिस म्हणजे बहुधा दोन गाळे. पुढे काउंटर, त्यावर बिल्टीबुक (बिल्टी म्हणजे माल ताब्यात घेतल्याची पेढीची पावती) आणि कार्बन, मागे गोडाऊन, एका कोपऱ्यात तोलकाटा. बिल्टीच्या चार प्रती निघत: एक माल पाठवणाऱ्याला, एक घेणाऱ्यासाठी, एक गाडीबरोबर, एक ऑफिसला. वर नग, वर्णन, वजन, मालाची किंमत आणि भाडं ‘पेड’ की ‘टु-पे’, म्हणजे आधीच भरलेलं की माल घेणाऱ्यानं द्यायचं. वजनाचे रकाने दोन, खरं वजन आणि आकारणीचं वजन. कापसाची गादी वजनाला हलकी पण जागा खाते, म्हणून तिचं भाडं जागेवर. पेटी बंद असेल तर आत काय आहे ते पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरून लिहिलं, अशी छापील ओळ असे. तीच ओळ पुढे नुकसानीच्या भांडणात पेढीच्या बाजूनं उभी राही.

या कागदाची खरी ताकद बँकेत होती. सांगलीचा हळदीचा व्यापारी दिल्लीच्या अनोळखी गिऱ्हाइकाला माल पाठवताना घेणाऱ्याच्या जागी ‘सेल्फ’ किंवा बँकेचं नाव लिही आणि बिल्टी बँकेमार्फत धाडी. गिऱ्हाइकानं बँकेत पैसे भरले की बिल्टी हातात, बिल्टी दाखवली की माल. म्हणून बँका कुणाचीही बिल्टी घेत नसत. इंडियन बँक्स असोसिएशनच्या मान्यताप्राप्त ट्रान्सपोर्टरांची यादी असे आणि त्या यादीत असणं हीच पेढीची पत. बिल्टी हरवली तर स्टॅम्पपेपरवर हमीपत्र लिहून दिल्याशिवाय गोडाऊनचं दार उघडत नसे, आणि तोवर डॅमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, चढत राही.

मालाचं नुकसान झालं तर 1865 चा कॅरिअर्स अॅक्ट लागू व्हायचा, म्हणजे घोडागाडीच्या काळातला. सहा महिन्यांच्या आत लेखी नोटीस दिली नाही तर दावा गेला. 2007 च्या कायद्यानं तो जुना कायदा बाजूला केला, तरी 180 दिवसांची मुदत राहिलीच. व्यापाऱ्यांना हा नियम माहीत नसे असं नाही. पेढीवाला ‘बघू, लिहून ठेवलंय, हेड ऑफिसला कळवलंय’ म्हणत महिने काढी आणि व्यापारी संबंध बिघडू नयेत म्हणून गप्प बसे. पोच घेताना बिल्टीवरच ‘2 नग शॉर्ट, 1 फाटका’ असं लिहून सही घेणं, हा एकच उपाय चालायचा. कोरी सही दिली की संपलं.

प्रादेशिक पेढीचा जोर सुट्या मालात होता. पूर्ण गाडीचं भाडं कुणीही दलाल लावून देतो. पण मुंबईहून तासगावला सहा डाग (नग), विट्याला तीन, जतला एक पिंप, असा माल गोळा करून पोहोचवणं हे ज्यांना तालुक्यांची नस माहीत आहे त्यांचंच काम. मुंबईहून गाडी पुण्याला किंवा सांगलीला येई, तिथं क्रॉसिंग होई, म्हणजे माल लहान गाड्यांत वाटला जाई. पुढचा टप्पा दुसऱ्या पेढीचा असेल तर भाड्याचा वाटा ठरलेला. प्रत्येक डागावर काळ्या शाईनं ब्रशनं खूण: गावाचं अक्षर, बिल्टीचा नंबर, एकूण नग. गोणपाटावर ही शाई बसते, प्लॅस्टिकच्या पोत्यावरून पुसली जाते. प्लॅस्टिकची पोती वाढली तशा चुकलेल्या डागांच्या तक्रारीही वाढल्या. उत्तर कर्नाटकातल्या गदगला 1976 मध्ये एका ट्रकवर सुरू झालेली विजयानंद रोडलाइन्स अशाच सुट्या मालाच्या जाळ्यावर पसरली, आणि कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या लहान पेढ्यांना पहिल्यांदा तोडीचा सामना मिळाला.

भरणं ही वेगळी विद्या. शेवटी उतरणारा माल आधी, म्हणजे केबिनच्या बाजूला. जड खाली, पण सगळं जड एकदम मागे नाही. मागच्या टोकाला वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. तेलाचे डबे आणि चहाची खोकी शेजारी ठेवायची नाहीत. औषधं, मसाला आणि साबण तर एका गाडीतही एकमेकांपासून लांबच ठेवायच्या वस्तू. लोखंडी सळई खाली टाकली तर तिच्यावर फळ्या अंथरल्याशिवाय पोती नाहीत. मग ताडपत्री. ती पुढून मागे अंथरायची, जोड असेल तर पुढची कड वर आणि मागची खाली, कौलासारखी, म्हणजे धावत्या गाडीत वारा आणि पाऊस सांध्यात शिरत नाही. दोर कडीतून ओवून फास असा घ्यायचा की ओढला की आवळेल आणि एका हिसक्यात सुटेल. वीस-पंचवीस किलोमीटरवर माल बसतो, दोर ढिला पडतो. तिथं थांबून पुन्हा आवळणारा ड्रायव्हर आणि न थांबणारा ड्रायव्हर यांच्या पोचवरच्या शेऱ्यांत फरक दिसतो.

हमालीचा विषय महाराष्ट्रात कायद्यानं बदलला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला. मजुरी माथाडी मंडळाकडे जमा, तिथून कामगाराला, वर भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना. पेढीवाल्यांची यावर कुरकुर असे आणि आजही आहे, पण शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढणाऱ्या माणसाला याआधी कागदावर नावही नव्हतं. वाराईचं, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या पैशांचं, मात्र भिजत घोंगडं राहिलं. ती व्यापाऱ्यानं द्यायची की गाडीवाल्यानं, यावर बाजार समितीच्या दारात आजही गाड्या अडतात.

जकात नाका हा त्या काळच्या वेळापत्रकाचा खरा मालक. मुंबईला शिरताना दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि मानखुर्द असे पाच नाके. सुट्या मालाच्या गाडीत चाळीस व्यापाऱ्यांचा माल असेल तर चाळीस बिलं दाखवायची, आणि एका बिलाचा घोळ झाला की उरलेले एकोणचाळीस थांबले. म्हणून पेढ्या नाक्यावर स्वतःचा माणूस ठेवत. लहान गावांची जकात आधी गेली, बहुतेक महापालिकांची नंतर आणि मुंबईची 1 जुलै 2017 ला, जीएसटीबरोबर. गाड्यांचा रोजचा पल्ला त्यानंतर वाढला तो इंजिन सुधारलं म्हणून कमी आणि नाके उठले म्हणून जास्त, असं मला वाटतं.

आणि घाट. बोरघाट, कसारा, खंबाटकी, कोकणात उतरणारे आंबा, फोंडा, कुंभार्ली. चढताना गाडी तापते, पण माणसं मरतात ती उतरताना. जुना दंडक असा की ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि तो माथ्यावरच टाकायचा. कारण सिंक्रोमेश (गिअरांचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नसलेल्या गिअरबॉक्सला डबल क्लच लागतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अॅक्सिलरेटरचा झटका, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. हे सपाटीवर सहज जमतं. उतारावर गाडीचा वेग दर क्षणाला वाढतोय, इंजिनाचा वेग तिथवर नेता येत नाही, गिअर करकरतो, बसत नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहते. तिथून पुढे सगळं ब्रेकवर.

ब्रेक का सोडून देतो तेही समजून घ्यावं. ड्रम तापला की फुगतो आणि ब्रेकच्या लायनरपासून लांब जातो, म्हणजे त्याच दाबाला लायनर कमी चिकटतं. लायनर स्वतः तापलं की त्याची पकडही जाते. एअरब्रेकच्या गाडीत घाबरून पायडल वारंवार मारलं तर कॉम्प्रेसर भरेल त्याहून जास्त हवा खर्च होते. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद फिरतं, मग हवा आणखीच सावकाश भरते. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांनी वाचवलेलं डिझेल कधी मोजून दाखवलेलं नाही. म्हणून माथ्यावर थांबायचं, हवेचा काटा पाहायचा, टाकीखालची चावी उघडून साठलेलं पाणी सोडायचं, टॉमीनं (लोखंडी दांड्यानं) सगळी चाकं ठोकून आवाज ऐकायचा. खाली पोहोचल्यावर ड्रम वास मारत असेल तर त्यावर पाणी ओतायचं नाही. लाल ड्रमला तडा जातो.

टॉमीच्या आवाजाचं कारण मागची जोडचाकं. आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरून दिसत नाही. बाहेरचा टायर दुप्पट वजन वाहतो, तापतो, फुटतो, कधी पेटतोही. भरलेल्या टायरचा टणक आवाज आणि बसलेल्याचा बद्द आवाज अंधारातही ओळखू येतो. टायर 9.00-20 चे, आत ट्यूब आणि फ्लॅप, बाहेरून लोखंडी रिंग. नवा टायर नेहमी पुढे, रिमोल्ड (नवं रबर चढवलेला जुना) मागे, कारण पुढचा फुटला तर स्टिअरिंग जातं. हवा भरताना रिंग नीट बसली नसेल तर ती तोफगोळ्यासारखी उडते, म्हणून जाणता पंक्चरवाला चाकाभोवती साखळी गुंडाळतो किंवा रिंगची बाजू जमिनीकडे करून चाक दुसऱ्या गाडीखाली सरकवतो. पोरांना मात्र घाई.

दुरुस्ती रस्त्यावर होत असे, कारण गाडीच तशी बनवलेली. मागच्या एक्सलचा शाफ्ट फुल-फ्लोटिंग, म्हणजे वजन तो वाहत नाही, फक्त फिरवतो. त्यामुळे तुटला तर जॅकसुद्धा न लावता हबच्या तोंडावरचे नट काढून ओढून घेता येतो. आत अडकलेला तुकडा तारेचा फास करून काढायचा, नवा ढकलायचा, चालू. पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, तुटतो तो बहुतेक वेळा मधल्या सेंटर बोल्टच्या भोकाशी. यू-बोल्ट ढिले झाले की पाटा तिथं वाकतो आणि भोक ही मुळातच कमजोर जागा. सेंटर बोल्ट तुटला तर एक्सल एका बाजूनं मागे सरकतं आणि गाडी तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते ड्रायव्हरच्या आधी दिसतं. डिझेल संपून हवा धरली तर फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, बुडबुडे थांबले की आवळायचा, मग तेच इंजिनाच्या इंधनपंपावर, शेवटी नोझलचे नट सैल करून सेल्फ. क्रम चुकवला तर तासभर सेल्फ मारून बॅटरी उतरते आणि गाडी तिथेच. नादुरुस्त गाडीच्या मागे ठेवलेले दगड काम झाल्यावर तसेच सोडून जाणं ही मात्र या धंद्याची लाज वाटावी अशी सवय.

आज यातलं बरंच नाही. ई-वे बिल (मालाची ऑनलाइन नोंद) 1 एप्रिल 2018 पासून आलं, फास्टॅग आलं, 1 ऑक्टोबर 2025 पासून नव्या अवजड मालगाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. ते व्हायला इतकी वर्षं लागली याचंच नवल. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषाचं) इंजिन रस्त्याच्या कडेला पान्यानं उघडून सुधारणारं नाही.

जुनी एसई जपावी असं कुणाला वाटलं तर एक अडचण आधीच माहीत असावी. 2021 मध्ये आलेले व्हिंटेज नोंदणीचे नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकींना आणि मोटारींना लागू आहेत. मालवाहू गाड्या त्या वर्गात बसत नाहीत. म्हणजे रस्त्यावर ठेवायची तर तिला फिटनेस नव्या ट्रकच्याच रांगेत घ्यावा लागतो. तरीही घेणार असाल तर इंजिनाकडे शेवटी बघा, त्याचे सेट मिळतात. आधी चासीच्या पट्ट्या मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ घासून बघा, केसासारखी तडकलेली रेघ तिथंच असते. चासी नंबरच्या जागी वेल्डिंग किंवा जाड रंग आहे का, आणि पंच केलेला नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतो का, हे बघा. बोनेटचे पत्रे आणि पुढची जाळी धड असतील तर भाव थोडा जास्त द्या.